शंभर दाखल झाले, त्यांतले किती पदवीधर?

१ जानेवारी १८६१ रोजी जी.आय.पी. रेल्वेची गाडी कसाऱ्यापर्यंत धावू लागली. पुढच्या वर्षी, १८६२ मध्ये, मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे असे ते चौघे होते. आजच्या शहापूर तालुक्यात रूळ पडले त्या काळात मुंबईत पदवी ही नवी गोष्ट होती. त्यानंतर तीस वर्षांत, १८९२ साली, तानसा धरण पूर्ण झाले आणि तालुक्यातले पाणी मोठ्या नळांतून शहराकडे निघाले. आज मुंबईच्या पाणीपुरवठ्यातला सुमारे निम्मा वाटा एकट्या भातसा धरणाचा आहे, आणि तेही शहापुरातच. रेल्वे आली, धरणे झाली, पण महाविद्यालय यायला शतक उलटून जावे लागले. ठाणे जिल्ह्यातली महाविद्यालये रुळांच्या कडेने आणि शहरांच्या क्रमाने उभी राहिली. उल्हासनगरचे चांदीबाई हिमथमल मनसुखानी महाविद्यालय १९६५ चे, ठाणे महाविद्यालय १९६९ चे, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. खासदार राहिलेल्या सोनूभाऊ बसवंतांच्या नावाचे महाविद्यालय शहापुरात आणि शांतारामभाऊ घोलपांच्या नावाचे मुरबाड तालुक्यातल्या शिवळ्याला सुरू झाले, तेव्हा कुठे या दोन तालुक्यांतल्या मुलामुलींना घरी राहून पदवीचा विचार करता येऊ लागला. मुरबाडला तर अजून रेल्वेही नाही. माळशेजकडे जाणारा रस्ता आणि त्यावरची एसटी हाच तिथला आधार.

प्रवेशाचा प्रश्न त्यामुळे बराच हलका झाला. मात्र एफवायला दाखल झालेले विद्यार्थी टीवाय पूर्ण करून पदवी घेतात की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. ग्रामीण महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. पहिल्या वर्षाचा वर्ग आणि तिसऱ्या वर्षाचा वर्ग यांतला फरक त्यांना हजेरी न घेताही सांगता येतो. हा फरक सहसा विद्यार्थ्यांच्या पदरी टाकला जातो. पाया कच्चा, इंग्रजी कच्चे, घरच्यांना शिक्षणाची किंमत नाही, ही ठरलेली कारणे. माझे म्हणणे असे की या गळतीचे मूळ बरेचसे विद्यापीठाच्या घडणीतच आहे. मुंबई विद्यापीठ ज्या कामासाठी स्थापन झाले त्या कामात दाखल झालेल्या विद्यार्थ्याला शेवटपर्यंत नेण्याची जबाबदारी कोणावरच सोपवलेली नव्हती. परीक्षेला बसलेल्यांतून उत्तीर्ण किती, एवढीच मोजणी त्या घडणीत बसत होती. वाटेत सुटलेला विद्यार्थी ती मोजणी सुरू होण्याआधीच यादीबाहेर गेलेला असतो.

१८ जुलै १८५७ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. १८५४ च्या वुडच्या खलित्याने कलकत्ता, मुंबई, मद्रास या तिन्ही ठिकाणी अशीच विद्यापीठे सुचवली होती. शिकवायचे महाविद्यालयांनी, आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. त्या वेळी या व्यवस्थेला कारण होते. महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पदव्यांवर लोकांचा विश्वास बसायचा होता, आणि कठोर परीक्षा हाच तो विश्वास कमावण्याचा मार्ग वाटत होता. कठोरपणाची किंमत पहिल्या पिढीलाही जाणवली. पदवीधर तरुण अकाली का मरतात याचा शोध खुद्द रानड्यांनी पुढे घेतला आणि अभ्यासाच्या असह्य ओझ्याकडे बोट दाखवले. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवण्याचे अधिकार मिळाले, १९२८ च्या कायद्याने मुंबईची घडी नव्याने बसवली, पण पदवीपर्यंतचे बहुतेक शिक्षण संलग्न महाविद्यालयांतच राहिले. आज मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंत सातशेहून अधिक महाविद्यालये या एका विद्यापीठाशी जोडलेली आहेत, आणि विद्यापीठ व शिवळ्याचा विद्यार्थी यांची गाठ प्रामुख्याने पडते ती परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट आणि निकाल या तीन वेळी.

मोजणीची ही सवय पुढच्या यंत्रणांनीही उचलली. महाविद्यालयाचे मूल्यांकन करणारी नॅक उत्तीर्णांची टक्केवारी मागते ती शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची. एफवायला दीडशे होते, टीवायला साठ उरले आणि त्यांतले चोपन्न पास झाले, असे समजू. निकाल नव्वद टक्के. दीडशेंशी ताडून पाहिले तर तो छत्तीस टक्के भरतो, पण ताडून पाहायला कोणी सांगत नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत २०२१-२२ साली महाराष्ट्राचे पटनोंदणीचे प्रमाण ३५.३ टक्के होते, देशाचे २८.४, आणि देशातल्या अनुसूचित जमातींचे २१.२. या आकड्यांचा अभिमानाने उल्लेख होतो, आणि वाढ खरीच आहे. पण तेही दारातून आत आलेल्यांचे आकडे आहेत. आत येणाऱ्यांची मोजणी आहे, शेवटच्या परीक्षेला बसणाऱ्यांची मोजणी आहे, आणि या दोहोंच्या मधली तीन वर्षे कोणत्याच तक्त्यात नीट बसत नाहीत.

दाखल झालेल्यांपासून मोजायची रीत आपल्याकडे नवीन नाही. मुंबई इलाख्यातच ती सर्वांत ठळकपणे मांडली गेली, आणि मांडणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाच्या मागणीवर बोलताना त्यांनी हिशेब दिला की प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. किती शाळा उघडल्या, किती पट भरला, हे सरकार सांगत असताना त्यांनी पहिल्या दिवशीचे शंभर धरून ठेवले आणि त्यांचे पुढे काय झाले ते विचारले. त्याच वर्षी विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी विद्यापीठाचे कामही याच अंगाने सांगितले. बुद्धी आहे पण पैशाअभावी किंवा दुसऱ्या अडचणींमुळे शिकता येत नाही, अशांपर्यंत शिक्षणाच्या सोयी पोचवणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, अशी त्यांची भूमिका होती. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, हारटॉग समितीने शाळांतल्या गळतीवर बोट ठेवले, पण उपाय सुचवला तो विस्ताराला लगाम घालण्याचा. गळती मोजून तिचा दोष शिकू पाहणाऱ्यांच्या गर्दीवर टाकण्याची ही पद्धत आजही ऐकू येते. आंबेडकरांच्या मोजणीतून निघणारा प्रश्न याच्या उलट होता: या ब्याऐंशी मुलांना शाळेत टिकता यावे म्हणून शाळेने आणि सरकारने काय बदलले?

आंबेडकरांच्या या भाषणांच्याही पंचेचाळीस वर्षे आधी महात्मा फुल्यांनी या प्रश्नाला हात घातला होता. १८८२ च्या हंटर आयोगापुढच्या त्यांच्या निवेदनातला प्राथमिक शिक्षणाचा आग्रह सर्वांना माहीत आहे. त्यातला एक छोटा मुद्दा मात्र फारसा चर्चेत येत नाही. खासगी रीतीने अभ्यास केलेल्यांना प्रवेश परीक्षेला बसू देण्याच्या विद्यापीठाच्या धोरणाचे त्यांनी स्वागत केले आणि हीच मुभा वरच्या पदव्यांनाही मिळावी, म्हणजे कामधंदा सांभाळून अनेक तरुण अभ्यास करतील, असे सुचवले. ज्याला दिवसा कॉलेजात बसणे परवडत नाही त्याच्यासाठी नियम वाकवा, असे सांगणारे हे एकोणिसाव्या शतकातले मत आहे. मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग काढला तो १९७१ मध्ये.

शहापूर-मुरबाडमध्ये ही गळती कुठे होते हे समजून घ्यायचे तर विद्यापीठाचे वेळापत्रक आणि गावाचे वर्ष शेजारी शेजारी ठेवावे लागते. दोन्ही तालुके भाताचे. जूनमध्ये पेरा, जुलैत आवणी म्हणजे रोपांची लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. विद्यापीठाचे प्रवेश आणि पहिले वर्ग आवणीच्या वेळी असतात, आणि पहिल्या सत्राची परीक्षा कापणीच्या. घरात चार हात असतील तर दोन शेतात लागतातच. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, वारली अशा कोणत्याही घरातला मुलगा किंवा मुलगी या दोन महिन्यांत सलग वर्गात बसू शकत नाही, यात आळस किंवा अनास्था शोधण्यात अर्थ नाही. कातकऱ्यांची अडचण आणखी खोल आहे. शेतीची कामे आटोपून दिवाळी सरली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. आधी घेतलेली उचल फेडायची असते, आणि परत यायचे ते पुढचा पाऊस तोंडावर आला की. दुसऱ्या सत्राचे वर्ग आणि मार्च-एप्रिलची परीक्षा नेमकी याच काळात होते. आदिम जमातींत गणल्या गेलेल्या या समाजातून बारावी ओलांडणारे मुळात थोडे, आणि त्या थोड्यांचे कॉलेज भट्टीच्या हंगामाशी टक्कर घेते. मुंबईच्या महाविद्यालयांना सोयीचे असलेले वेळापत्रक सातशे ठिकाणी एकाच दिवशी लागू करणे परीक्षा घेणाऱ्या मंडळाला गरजेचे वाटते, कारण प्रश्नपत्रिका एक, दिवस एक. शिकवणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने पाहिले तर ही गरज तितकी अटळ राहत नाही.

शाळांच्या पातळीवर याच जिल्ह्याने वेगळा धडा घालून दिला आहे. ठाणे जिल्ह्याचे विभाजन १ ऑगस्ट २०१४ ला झाले. त्यापूर्वी एकत्र असलेल्या या जिल्ह्यातच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला व पुढे कोसबाडला गेल्या, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहिल्यावर त्यांनी शाळा कुरणात नेली. कुरणशाळा ही कल्पना तिथली. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. भट्टीवर मजूर राहतात त्या झोपडीला भोंगा म्हणतात, आणि शाळा तिथेच भरवली. दोन्ही ठिकाणी मुलांची परीक्षा सोपी केली नव्हती. त्यांच्या दिवसाचा आणि वर्षाचा आकार ओळखून शाळेचा आकार बदलला होता. उच्च शिक्षणातही मराठी मुलखाकडे असे दाखले आहेत. १९४६ मध्ये आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते सकाळी वर्ग भरवून, नोकरी करणाऱ्यांना कामावर जाण्याआधी शिकता यावे म्हणून. १९४७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. कमवा आणि शिका ही त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची रीत महाविद्यालयातही चालू राहिली. घरची परिस्थिती सुधारेपर्यंत थांबा असे विद्यार्थ्याला न सांगता परिस्थितीतली अडचण संस्थेने आपल्या अंगावर घेतली. या संस्थांतून पदवीधर झालेल्यांची संख्या वाढली ती अशा कामामुळे.

विद्यापीठाने मात्र सुधारणा केल्या त्या बहुतेक परीक्षेच्या कक्षेतच. एखाद-दुसऱ्या विषयात राहिलेल्या विद्यार्थ्याला वरच्या वर्गात जाऊ देणारी एटीकेटी ही त्यातली सर्वांत माणुसकीची, आणि तिच्यामुळे असंख्य वर्षे वाचली आहेत. पण केटी साचत जाते. सगळे विषय सुटेपर्यंत पदवी मिळत नाही, आणि टीवायनंतर दोन केटी उरलेला शहापूरचा मुलगा भिवंडीच्या गोदामात किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला लागला की परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख त्याला कळत नाही, कळली तरी सुट्टी मिळत नाही. तीन वर्षांचा सारा अभ्यास त्या दोन विषयांपाशी अडकून राहतो. २०११-१२ पासून श्रेयांकाची सत्र पद्धत आली. वर्षाकाठी एकदा होणारी परीक्षा दोनदा होऊ लागली, निकाल आणि फेरपरीक्षाही दुप्पट झाल्या. २०१७ मध्ये या यंत्रणेचा ताण सगळ्या राज्याने पाहिला. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पूर्वतयारीविना अमलात आला, सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका अडकल्या, उन्हाळ्यातल्या परीक्षांचे निकाल पावसाळा सरत आला तरी लागत राहिले, आणि ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. पुढच्या प्रवेशाची किंवा नोकरीची संधी ज्यांना पुन्हा वाट पाहून मिळवता येते त्यांचे नुकसान भरून निघाले असेल. ज्यांच्या घरी एका वर्षाचाही अवकाश नसतो त्यांचे नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप दर्जाचा येतो. पदवीधरांची संख्या वाढवायची म्हणजे परीक्षा सैल करायची, नापासांना ढकलायचे, आणि मग त्या पदवीला बाजारात किंमत राहणार नाही. ही भीती खोटी नाही. संख्येचे लक्ष्य वरून आले की खालून गुण वाढतात, हे कुठल्याही व्यवस्थेत घडू शकते. पण सिद्धार्थ महाविद्यालयाच्या आणि साताऱ्याच्या विद्यार्थ्यांनी तीच परीक्षा दिली जी एल्फिन्स्टन आणि फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यांनी दिली. बदलली ती परीक्षेपर्यंतची वाट. शहापुरातल्या मुलीने एसवायच्या मध्यात कॉलेज सोडले तर ती कोणत्याही उत्तरपत्रिकेमुळे अडलेली नसते. तिच्या गळतीत दर्जाचा संबंधच येत नाही. तिचे लग्न ठरले, किंवा एसटीची फेरी बंद झाली, किंवा शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर आला नाही. यांतल्या पहिल्या गोष्टीवर महाविद्यालयाचा हात मर्यादित चालतो. बाकीच्या दोन निव्वळ व्यवस्थेच्या आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. पदवी कशासाठी, असे विचारणारे शहरातले सुखवस्तू लोकच नसतात. पडघ्याच्या आणि भिवंडीच्या गोदामांत बारावी झालेल्या मुलाला काम मिळते, महामार्ग आणि समृद्धी मार्गामुळे ते वाढतही आहे, आणि टीवायबीए झालेल्यालाही शेवटी तेच काम करावे लागणार असेल तर तीन वर्षे का घालवायची? नव्या शैक्षणिक धोरणाने याला एक उत्तर दिले आहे: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, आणि मधे बाहेर पडून परत येण्याची सोय. ज्याला खरोखर जायचे आहे त्याचे कमावलेले श्रेयांक वाया जाऊ नयेत, हे चांगलेच आहे. माझी शंका एवढीच की बाहेर पडण्याचे दार कोणासाठी उघडे राहणार. माटुंग्याचा विद्यार्थी चौथ्या वर्षाच्या ऑनर्सकडे जाईल आणि शहापूर तालुक्यातल्या डोळखांबचा पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन भिवंडीला, आणि कागदोपत्री दोघांनीही आपापली निवड केलेली असेल. गळतीला नवे नाव मिळाले की ती मोजण्याची गरजही संपते. शिवाय पदवीचे मोल पहिल्या पगारातच संपत नाही. तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत, बँकेपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत बहुतेक ठिकाणी पदवी नसलेल्याला फॉर्मच भरता येत नाही. आणि तिचा उपयोग एकट्यापुरताच राहतो असेही नाही. २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटलांसह मुरबाडच्या सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल माथेरानच्या नाभिक कुटुंबातले. ते वकिलीपर्यंत शिकले, आणि सावकारीखाली दबलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारण्याच्या कामी त्यांनी ते शिक्षण लावले. ज्या समाजातून पदवीपर्यंत पोचणारे थोडे असतात तिथे एकेका पदवीधराचा उपयोग किती घरांना होतो, हे सरासरी पगाराच्या आकड्यांत दिसत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि इथे बाहेरच्या जगातला एक प्रयोग मोलाचा आहे. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या पदवीच्या महाविद्यालयांत एक योजना सुरू केली. पूर्णवेळ शिकण्याची अट, उरलेली फी माफ, पुस्तके, प्रत्येकाला ठरावीक सल्लागार जो वरचेवर भेटतो, आणि शहरात फिरायला मोफत प्रवासाचे कार्ड. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून त्याचा अभ्यास झाला. तीन वर्षांनी योजनेतल्या शंभरांपैकी चाळीस जणांनी पदवी घेतली होती, योजनेबाहेरच्या शंभरांपैकी बावीस जणांनी. परीक्षा सर्वांना सारखीच होती. दर विद्यार्थ्यामागे खर्च बराच वाढला, पण पदवी घेणारे इतके वाढले की एका पदवीमागचा खर्च उलट कमी पडला. कॅलिफोर्नियाच्या तेवीस शाखांच्या राज्य विद्यापीठातही २०१५ मध्ये नव्याने दाखल झालेल्या शंभरांतले एकोणीसच जण चार वर्षांत पदवी घेत होते. तिथे २०२५ साठी चाळीसचे उद्दिष्ट जाहीर झाले. ते पूर्ण गाठले गेले नाही, तरी प्रमाण तिशीच्या पुढे गेले. दोन्ही ठिकाणी पहिले पाऊल एकच होते: दाखल झालेल्यांची तुकडी धरून ठेवायची आणि तिचे काय झाले ते दरवर्षी जाहीरपणे सांगायचे.

न्यूयॉर्कच्या प्रवासाच्या कार्डावर मी मुद्दाम थांबतो. आपल्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. एफवायला गेलेल्या मुलीला विद्यार्थ्यांच्या सवलतीचा पास काढावा लागतो, २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, पण मोफत प्रवास नेमका त्या वर्षी संपतो ज्या वर्षी गळती सुरू होते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शहापुरात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, वसतिगृहे आहेत, आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना जेवणा-राहण्याचे पैसे थेट खात्यात देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना २०१६ पासून आहे. योजना कमी नाहीत. त्या एकमेकींना ओळखत नाहीत, ही अडचण आहे. पास एसटीकडे, वसतिगृह आदिवासी विकासकडे, शिष्यवृत्ती पोर्टलवर, परीक्षा विद्यापीठाकडे. दोन महिने वर्गात न दिसलेल्या विद्यार्थ्याबद्दल यांतल्या एकाही कार्यालयाला विचारणा करावी लागत नाही. विचारू शकतो तो शिक्षक, आणि तोच आज सर्वांत अस्थिर आहे. २००१ नंतरच्या महाविद्यालयांना कायम विनाअनुदानाचे धोरण लागू झाले, अनुदानितांतही पदे रिकामी राहिली, आणि वर्ग तासिका तत्त्वावर आलेल्या प्राध्यापकांवर चालू लागले. तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या, पुढच्या जूनमध्ये इथे असेन की नाही हे माहीत नसलेल्या माणसाने भट्टीवर गेलेल्या विद्यार्थ्याचा माग ठेवावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? न्यूयॉर्कच्या योजनेत सल्लागार कायम एक होता, हा तपशील तिथल्या यशात प्रवासकार्डाइतकाच महत्त्वाचा आहे.

राहता राहिला शेवटचा आक्षेप: ज्यांना रोज येणे जमत नाही त्यांच्यासाठी दूरशिक्षण आहेच, मुंबई विद्यापीठाचे १९७१ पासून आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे १९८९ पासून, मग महाविद्यालयांचे वेळापत्रक कशाला हलवायचे? दूरशिक्षणाने नोकरदारांना, गृहिणींना, कैद्यांनासुद्धा पदवी दिली आहे, आणि फुल्यांची मागणी त्यातून काही अंशी पुरी झाली आहे. पण ज्याच्या घरी पुस्तक वाचायला उजेडाची आणि शांततेची जागा नाही, ज्याच्या घरातला तो पहिलाच महाविद्यालयीन विद्यार्थी आहे, त्याला एकट्याने शिकायला सांगणे म्हणजे त्याचा सर्वांत मोठा आधार, म्हणजे वर्ग आणि वर्गातले सोबती, काढून घेणे आहे. त्यापेक्षा शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत सत्राची परीक्षा कापणीनंतर घेण्याची मुभा, भट्टीच्या हंगामापूर्वी अंतर्गत गुणांचे काम आटोपण्याची सोय, आणि एक-दोन केटी उरलेल्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी पावसाळ्यात तालुक्यातच वर्ग व परीक्षा या गोष्टी संलग्न महाविद्यालयाला नियमांत राहून करता येतील असे अध्यादेश विद्यापीठाच्या हातातले आहेत. त्यासाठी आधी कोण सुटले हे माहीत हवे. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रमवारीच्या अर्जात पहिल्या वर्षी किती दाखल झाले आणि ठरल्या मुदतीत किती पदवीधर झाले, असे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत. क्रमवारीत उतरणे ऐच्छिक असल्यामुळे छोट्या ग्रामीण महाविद्यालयांना ते रकाने भरण्याची सक्ती नाही. मुंबई विद्यापीठाने आपल्या प्रत्येक संलग्न महाविद्यालयाकडून हे दोन आकडे जमात, जात, स्त्री-पुरुष आणि तालुका अशा फोडीसह दरवर्षी मागवावेत. प्रवेशाचे आणि पदवीदानाचे दोन्ही अभिलेख विद्यापीठाकडे आधीच आहेत. कायम नोंदणी क्रमांक लावून ते एकमेकांशी जुळवणे हे फोर्ट आणि कलिनाच्या कार्यालयांत होण्यासारखे काम आहे, आणि त्यासाठी ना नवी इमारत लागते ना नवा कायदा.